राखणीच्या कुत्र्यावरील पिसवा व त्यांचा बंदोबस्त

शेतकीच्या मासिकांत बैल, गाय, शेळी यांच्या रोगांविषयीं लेख नेहमीं येतात. परंतु राखणीच्या कुत्र्याविषयीं लिहिलेलें सहसा आढळत नाहीं. याचें कारण उघड आहे. बैल पैसे मोजून आणावा लागतो, गाय दूध देते. कुत्रा मात्र बहुधा न बोलावतां दाराशीं येऊन राहतो व भाकरीच्या तुकड्यावर जन्मभर मळा राखतो. ज्याची किंमत मोजावी लागली नाहीं त्याच्या दुखण्याकडे लक्ष जात नाहीं, हा मनुष्यस्वभावच आहे. तथापि ज्यांच्या मळ्यांत रानडुकरांचा किंवा चोरांचा उपद्रव आहे त्यांस विचारावें, म्हणजे रात्रीं जागणाऱ्या कुत्र्याचें मोल काय तें ते सांगतील. जें जनावर रात्रभर अंग खाजवीत बसलें आहे, तें राखण काय करणार?

पिसवांचा हा प्रश्न कुत्र्यापुरताच राहिला असता, तर कदाचित् एवढा मोठा लेख लिहिण्याचें कारण पडलें नसतें. पण त्याच पिसवा मांजरावर, शेळ्यांच्या करडांवर व क्वचित् लहान वासरांवरही जातात. गोठ्यांत फार माजल्या तर करडांचें रक्त इतकें शोषतात कीं, तीं पांढरीं पडून दगावतात. घरांत आल्या म्हणजे माणसांच्या घोट्यांना व पोटऱ्यांना चावतात. आणि या सर्वांहून मोठा धोका असा कीं, त्रासलेला शेतकरी शेवटीं पिकावर फवारण्याचें औषध उचलतो व तें कुत्र्याच्या अंगाला चोळतो. या चुकीचा अनुभव मला स्वतःला आहे. तो पुढें सांगणार आहें.

पिसवेची ओळख

उपाय करण्यापूर्वीं अंगावर काय आहे तें ओळखावें. आपल्याकडे गोचीड, ऊ व पिसू या तिघींनाही पुष्कळ वेळां "किडे झाले" या एकाच सदरांत घालतात. गोचीड आठ पायांची असते. ती एके जागीं तोंड रुतवून बसते व रक्त पिऊन एरंडीच्या बीसारखी टम्म फुगते. ऊ केसाला धरून सावकाश चालते. पिसू सहा पायांची, तपकिरी, दोन्ही बाजूंनीं चेपलेली व तिळाहून लहान असते. केस बाजूला सारतांच ती पळते, आणि धरूं गेल्यास उडी मारते. मागच्या पायांच्या बळावर ती सुमारें एक वीत उंच उडते. आपण हिला कुत्र्याची पिसू म्हणतों खरें, पण जगाच्या बहुतेक भागांत कुत्र्यावर सांपडणारी पिसू ही वस्तुतः मांजराच्या पिसवेची जात असते, व आपल्या देशांत तिचीच एक जवळची नातलग कुत्र्यांवर आणि शेळ्यांवर पुष्कळ आढळते. उपाय दोहींवर एकच.

कित्येकदां पिसू डोळ्यांस दिसत नाहीं, पण खाज असते. अशा वेळीं कुत्र्यास पांढऱ्या ओल्या फडक्यावर उभें करावें, आणि कमरेवरचे व शेंपटीच्या मुळाशीं असलेले केस बोटांनीं उलटे चोळावे. मिऱ्याच्या भुकटीसारखे काळे कण खालीं पडतील. ती नुसती धूळ असेल तर फडक्यावर मातीचाच डाग राहील. पण कणाभोंवतीं तांबूस वर्तुळ पसरलें तर ती पिसवेची विष्ठा, म्हणजे कुत्र्याचेंच पचलेलें रक्त, असें निश्चित समजावें. या परीक्षेस ना खर्च लागतो ना डॉक्टर, आणि ती बहुधा चुकत नाहीं. कांहीं कुत्र्यांस पिसवेच्या लाळेचेंच वांकडें असतें. त्यांच्या अंगावर एक दोन पिसवा असल्या तरी कमरेवरचे केस झडून कातडी लाल व जाड होते. मालक ती खरूज समजतो आणि गंधक लावीत बसतो.

पिसू राहते कोठें?

यापुढील भाग वाचकांनीं जरा सावकाश वाचावा, कारण सर्व उपायांचें मर्म यांतच आहे.

पिसू कुत्र्याच्या अंगावर आली कीं लागलीच रक्त पिते, आणि मग सहसा तें अंग सोडून जात नाहीं. मादी एक दोन दिवसांत अंडीं घालूं लागते व ऐन भरांत दिवसाला चाळीस पन्नासपर्यंत घालते. हीं अंडीं गुळगुळीत असतात; उवेच्या लिखांप्रमाणें केसांस चिकटून राहत नाहींत. कुत्रा जेथें झोंपतो, जेथें उठून अंग झाडतो, तेथें तीं मिठाच्या बारीक कणांसारखीं गळून पडतात. बरोबर वर सांगितलेले काळे कणही पडतात. दोन दिवसांपासून आठ दहा दिवसांपर्यंत, हवेच्या मानानें, अंड्यांतून पांढरट, बिनपायाची, विरळ केसांची अळी निघते. तिला उजेड सोसत नाहीं. ती फटींत, गोणपाटाच्या विणींत किंवा भुशाखालीं शिरते, आणि तेथें खाते काय, तर तेंच खालीं पडलेलें वाळलेलें रक्त. आईनें मुलाला घराबाहेर घालतांना शिदोरीही बांधून द्यावी, तसाच हा प्रकार आहे.

एक दोन आठवड्यांनीं अळी आपल्याभोंवतीं रेशमासारख्या धाग्याचा कोश विणते. धागा चिकट असल्यामुळें त्यास धूळ व माती लागते आणि कोश हुबेहूब मातीच्या खड्यासारखा दिसतो. केरसुणीनें तो सहज निघत नाहीं, आणि औषध त्याच्या आंत पोंचत नाहीं. आंत पूर्ण वाढलेली पिसू तयार होते, पण ती लागलीच बाहेर येईलच असें नाहीं. बाहेर कोणी जनावर आल्याची खूण मिळेपर्यंत ती आंत बसून राहते. उपाशी अशी पांच महिनेपर्यंत राहूं शकते. जमिनीवर पाऊल पडल्याचा हादरा, अंगाची ऊब, श्वासांतून निघणारा वायु, या तिच्या खुणा. त्या मिळाल्या कीं क्षणांत कोश फोडून ती बाहेर येते व वर उडी घेते.

उबदार व दमट हवेंत हें सर्व चक्र सुमारें तीन आठवड्यांत पुरें होतें. म्हणून आपल्याकडे पावसाळ्यांत व त्याच्या अखेरीस पिसवांचा कहर होतो. वैशाखांतल्या कोरड्या उन्हांत उघड्यावरील अळ्या जगत नाहींत. पण गोठ्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यांत, पाण्याच्या हौदाजवळच्या ओलीला, त्या उन्हाळाही काढतात.

आतां हिशेब पहावा. अभ्यासकांचा ढोबळ अंदाज असा आहे कीं, एखाद्या घरांतील शंभर पिसवांपैकीं पांचच पूर्ण वाढ झालेल्या अशा कुत्र्याच्या अंगावर असतात. बाकीच्या पंचाण्णव अंडीं, अळ्या व कोश या रूपांनीं जमिनींत असतात. आपण मात्र सारा राग त्या पांचांवर काढतों. कुत्र्यास धुवून काढावें, चार दिवस बरें वाटावें, पांचव्या दिवशीं पुन्हां तेंच, असें कां होतें याचें उत्तर एवढेंच आहे. लव्हाळ्याचे शेंडे खुरप्यानें कापून गांठी जमिनींत ठेवणाऱ्याला आपण शहाणा शेतकरी म्हणत नाहीं. कुत्र्याच्या बाबतींत मात्र आपण सगळे तेंच करतों.

माझी चूक

आमच्या मळ्यावर मोत्या नांवाचा कुत्रा होता. एका पावसाळ्यांत त्याच्या अंगावर पिसवा इतक्या झाल्या कीं, तो भाकरी टाकून कमरेचे चावे घेत बसे. मीं त्याला साबणानें तीनदां धुतलें. प्रत्येक वेळीं आठवड्याच्या आंत पिसवा परत. घरांत कपाशीवरील फवारणीसाठीं आणलेली बाटली होती. तिच्यावरील सूचना मीं वाचल्या नव्हत्या असें म्हणणें खोटें होईल. वाचल्या होत्या, पण त्या पिकाविषयीं आहेत, कुत्र्याविषयीं नाहींत, एवढाच अर्थ मीं काढला. बादलीभर पाण्यांत एक टोपण घालून तें पाणी त्याच्या अंगाला चोळलें. तासाभरांत त्याच्या तोंडांतून लाळ वाहूं लागली, वांती झाली, मागचे पाय कांपूं लागले, डोळ्यांतील बाहुल्या टांचणीच्या टोंकाएवढ्या झाल्या. गुरांचे डॉक्टर तालुक्याहून येईपर्यंत उशीर झाला होता. अंगावरील पिसवा मात्र सगळ्या मेल्या होत्या, हेंही सांगितलें पाहिजे.

पुढची गोष्ट मला त्याहून अधिक शिकवून गेली. मोत्याचें गोणपाट ओट्याखालीं तसेंच पडलें होतें. पंधरा एक दिवसांनीं घरचीं मुलें तेथें खेळावयास बसलीं आणि उठलीं तेव्हां त्यांच्या पायांवर घोट्यापासून गुडघ्यापर्यंत लाल पुळ्या उठल्या होत्या. कुत्रा गेला होता. पिसवा त्याच्या जागेवर होत्याच.

पिकावरील कित्येक औषधें किड्याच्या मज्जातंतूंवर घाव घालतात, आणि कुत्र्याचे मज्जातंतु त्याच रीतीनें चालतात. तें विष कातडींतून आंत शिरतें. शिवाय कुत्रा अंग चाटतो, म्हणजे पोटांतूनही जातें. त्याच कुत्र्याच्या गळ्यांत मूल हात टाकतें हें वेगळेंच. आज तर अशी अडचण आहे कीं, कांहीं औषधांचें मूळ नांव पिकाच्या बाटलीवर व कुत्र्याच्या औषधाच्या नळीवर एकच असतें. फिप्रोनिल हें त्याचें उदाहरण. मूळ द्रव्य तेंच असलें तरी तें कशांत कालवलें आहे, किती प्रमाणांत आहे व कातडीवर किती टिकतें, हें सर्व निराळें असतें. "नांव तेंच, मग स्वस्त तें कां घेऊं नये?" असें विचारणारे शेतकरी मला भेटले आहेत. त्यांस माझें सांगणें एवढेंच कीं, हा प्रयोग माझ्या हातून होऊन गेलेला आहे. पुन्हां करण्याची गरज नाहीं.

चुकून असें झालेंच तर हातांत रबरी मोजे घालून कुत्र्यास साबणानें व भरपूर पाण्यानें धुवावें, तो अंग चाटणार नाहीं असें करावें, आणि ताबडतोब दवाखान्यांत न्यावें. बरोबर बाटली अवश्य न्यावी. एका वर्गाच्या विषावर अ‍ॅट्रोपिन टोंचतात, दुसऱ्यावर त्याचा उपयोग होत नाहीं. कोणतें विष तें डॉक्टरांस चिठ्ठीवरूनच कळतें. घरीं मीठपाणी पाजून ओकारी काढण्याच्या भरीस पडूं नये.

घरगुती उपायांविषयीं दोन शब्द लिहितों. रॉकेल कातडी भाजतें. तंबाखूचें पाणी हें शुद्ध विष आहे. फिनेल जमिनीसाठीं आहे, अंगासाठीं नाहीं. मांजरास तर त्याचा वासही बाधतो. लसूण खाऊं घातल्यानें पिसवा पळतात असें सांगतात. पिसवा पळत नाहींत, पण कांदा व लसूण यांनीं कुत्र्याच्या रक्तांतील तांबड्या पेशी फुटतात, हें सिद्ध आहे. कडुनिंबाचा पाला उकळून त्या पाण्यानें धुतल्यास नुकसान नाहीं व थोडा आराम पडतो. परंतु त्यानें घरांतील पिसवांचा निकाल लागेल ही आशा व्यर्थ आहे. जुन्या माणसांच्या तोंडीं गॅमेक्सिनच्या भुकटीची स्तुति अजून ऐकूं येते. त्या द्रव्यावर, म्हणजे बी. एच. सी. वर, भारतांत १९९७ सालापासून बंदी आहे, आणि ती योग्य कारणासाठीं आहे. कोठें जुना डबा माळ्यावर असेल तर तो उघडूं नये.

जागेचा बंदोबस्त

प्रथम कुत्रा कोठें कोठें झोंपतो तें दोन दिवस पहावें. बहुतेक कुत्र्यांच्या जागा ठरलेल्या असतात: दुपारीं ट्रॅक्टरखालीं किंवा गाडीखालीं, पावसांत कडब्याच्या गंजीच्या आडोशाला, रात्रीं ओट्यावर. मालकाला यांतली एकच जागा ठाऊक असते. पिसवा सर्व जागीं असतात, पण जेथें सांवली, ओल व मऊ धूळ आहे तेथें सर्वांत अधिक.

कुत्र्यास झोंपावयास दोन पोतीं ठेवावीं व तीं आळीपाळीनें वापरावीं. दर आठवड्यास एक पोतें उकळत्या पाण्यांत बुडवून काढावें आणि पत्र्यावर कडक उन्हांत दिवसभर वाळवावें. जुनें, फाटकें, धुळीनें भरलेलें पोतें असेल तर तें सरळ जाळावें. पोतें झटकण्याचा मोह टाळावा. झटकल्यानें अंडीं अंगणभर होतात, याहून दुसरें कांहीं होत नाहीं.

जमीन फरशीची असेल तर काम सोपें आहे. फरशीच्या सांध्यांतील धूळ खराट्यानें उकरून काढावी, मग गरम साबणाच्या पाण्यानें धुवावी. मातीच्या जमिनीस अधिक मेहनत लागते. आपल्या बायका दर आठवड्यास सारवतात त्यानें फटी बुजतात व धूळ बसते, हा फायदा खरा आहे. पण सैल धूळ तशीच ठेवून वरून सारवण घातलें तर आपण कोशांवर छप्पर घातल्यासारखें होतें. म्हणून आधीं भिंतीच्या कडेची व कोपऱ्याची सैल माती खरवडून काढावी, ती पत्र्याच्या डब्यांत भरून शेतांत दूर, उघड्या उन्हाच्या जागीं, खड्ड्यांत पुरावी. भेगा चिकणमातीनें बुजवाव्या, आणि मग सारवावें. केर अंगणाच्या कडेला लोटून ठेवण्याची आपली संवय येथें अगदीं घातक आहे.

गोठ्याच्या अंधाऱ्या बाजूचा एखादा पत्रा काढून तेथें कांचेचा किंवा प्लास्टिकचा बसविला, तर ऊन आंत येतें. हौद गळत असेल तर तो दुरुस्त करावा. अळीला कोरडी हवा सोसत नाहीं, आणि आपल्या देशावरील ऊन हें विकत घ्यावें न लागणारें औषध आहे. तें आंत येऊं देणें एवढेंच आपलें काम.

जमिनीवर टाकावयाचीं औषधेंही आहेत. त्यांपैकीं अंडीं व अळ्या यांची वाढ खुंटविणारीं जीं आहेत, तीं घरासाठीं अधिक बरीं. परंतु घराच्या व गोठ्याच्या आंत वापरण्यासाठीं म्हणून जें विकलें जातें तेंच, पशुवैद्यास विचारून, आणि गव्हाणी व पाण्याचीं भांडीं झांकून वापरावें.

कुत्र्याचा बंदोबस्त

जागेचें काम ज्या दिवशीं, त्याच दिवशीं कुत्र्याचें. आधीं बारीक दातांच्या फणीनें, उवा काढण्याची असते तशा, मानेपासून शेंपटीपर्यंत विंचरावें व फणी दर वेळीं साबणाच्या पाण्यांत बुडवावी. नुसत्या पाण्यावर पिसू तरंगते व कडेला लागून पळते. साबणामुळें ती बुडते. आंघोळ घालावयाची ती मानेपासून सुरू करावी. मानेभोंवतीं प्रथम साबणाच्या फेंसाचें कडें करावें, म्हणजे अंग भिजूं लागतांच पिसवा कानांत व तोंडाकडे धांवतात त्यांस वाट राहत नाहीं. मग सर्व अंगास फेंस करून पांच दहा मिनिटें तसाच ठेवावा व स्वच्छ धुवावा. लहान पिलांस आंघोळीपेक्षां फणीच बरी. थंडीनें पिलें लवकर जातात.

आंघोळीनें आज अंगावर आहेत त्या मरतात. उद्यां कोशांतून निघणाऱ्यांसाठीं अंगावर टिकणारें औषध हवें. आज पशुवैद्याकडे दोन प्रकारचीं चांगलीं औषधें मिळतात. एक, दोन खांद्यांच्या मध्यें केस बाजूला सारून कातडीवर टाकावयाचे थेंब. हे बहुधा महिनाभर चालतात, आणि ते टाकण्यापूर्वीं व नंतर दोन दिवस आंघोळ घालूं नये. दुसरें, पोटांत देण्याची गोळी. कांहीं गोळ्या महिनाभर, तर कांहीं बारा आठवड्यांपर्यंत पिसवा मारतात. मळ्यावरच्या, चिखलांत लोळणाऱ्या कुत्र्यास माझ्या मतें गोळीच बरी. मात्र कुत्र्यास फेफरें येत असेल तर तसें डॉक्टरांस आधीं सांगावें; या वर्गाच्या गोळ्यांविषयीं अमेरिकेच्या औषध प्रशासनानें २०१८ सालीं तशी सावधगिरीची सूचना दिली आहे. औषध कुत्र्याच्या वजनावरून ठरतें. म्हणून वजन अंदाजानें सांगूं नये. धान्याच्या कांट्यावर कुत्र्यास घेऊन स्वतः उभें राहावें आणि मग आपलें वजन वजा करावें.

घरांत मांजर असेल तर तिचाही उपाय त्याच दिवशीं करावा, पण तिचें औषध निराळें मागून घ्यावें. कुत्र्यांच्या कांहीं थेंबांत परमेथ्रिन असतें. तें कुत्र्यास चालतें आणि मांजरास मारतें. "थोडें उरलें आहे तें मनीला लावूं" या काटकसरीनें पुष्कळ मांजरें गेलीं आहेत.

औषध दिल्यावर चौथ्या पांचव्या दिवशीं पुन्हां पिसू दिसली म्हणून औषध खोटें असें म्हणूं नये. ती नव्यानें कोशांतून निघालेली असते, आणि एक दोन दिवसांत मरेल. मुख्य म्हणजे ती अंडीं घालण्यापूर्वीं मरेल. जमिनींतील सांठा असाच रिकामा व्हावयाचा आहे. याला तीन महिने धरावे. पहिल्या महिन्यांत फरक पडतो व तेथेंच पुष्कळजण थांबतात. मग दिवाळीच्या सुमारास पुन्हां पहिल्यापासून सुरुवात होते.

पट्टकृमि

पिसवेबरोबर कुत्र्याच्या पोटांत एक चपटा जंतही जातो. त्याचीं अंडीं पिसवेची अळी खाते. ती अळी पिसू होते. कुत्रा खाज भागविण्यासाठीं चावतांना पिसू गिळतो आणि जंत त्याच्या आंतड्यांत वाढतो. विष्ठेंत किंवा गुदद्वाराजवळच्या केसांत तांदळाच्या दाण्यासारखे, कधीं वळवळणारे तुकडे दिसले तर तोच हा जंत. लहान मुलाच्या हातून एखादी पिसू पोटांत गेली तर त्यालाही होतो. जंताचें औषध साधें आहे, पण पिसवा घालविल्याशिवाय तें देणें म्हणजे गळक्या हौदांत पाणी भरणें होय.

उंदीर व प्लेग

पिसवा म्हटल्या कीं वडीलधाऱ्यांच्या मनांत प्लेग येतो, व तें साहजिक आहे. १८९६ सालीं मुंबईस आलेल्या सांथीनंतर किती गांवें ओस पडलीं याच्या गोष्टी अजून घरोघर सांगतात. १८९८ सालीं कराची येथें पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानें प्रयोगानें दाखविलें कीं, हा रोग उंदरापासून उंदराकडे पिसूच नेते. पुढें प्लेग संशोधन मंडळानें मुंबईंत तें पक्कें केलें. ती मुख्यतः उंदराची पिसू, कुत्र्याची नव्हे. म्हणून घरचा कुत्रा खाजवतो एवढ्यावरून घाबरण्याचें कारण नाहीं. तथापि १९९४ सालीं बीड जिल्ह्यांतील मामला गांवीं गांठीचा प्लेग आढळल्याचें जाहीर झालें, तेव्हां आदल्या वर्षींच्या ३० सप्टेंबरच्या किल्लारी भूकंपानंतर लोकांनीं सोडलेल्या घरांतील धान्यावर उंदीर माजले, हें एक कारण सांगितलें गेलें. धान्य सांठविणाऱ्या प्रत्येक घरानें यांतून एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. घरांत पिसवा असतांना नुसते उंदीर मारूं नयेत. उंदीर थंड पडला कीं त्याच्या पिसवा दुसरें ऊबदार अंग शोधावयास निघतात, आणि जवळचें अंग आपलें किंवा कुत्र्याचें असतें. आधीं बिळांच्या तोंडाशीं व उंदरांच्या वाटेवर पिसवांचा बंदोबस्त करावा, मग उंदरांचा. कारण न कळतां उंदीर मरून पडूं लागले तर हात न लावतां आरोग्य केंद्रास कळवावें.

बंद घर

मळ्यावरील घर दोन चार महिने बंद ठेवून गांवांत राहण्याची वहिवाट पुष्कळांची आहे. परत येऊन दार उघडतांच पायांवर पिसवा चढतात आणि लोक म्हणतात, "कुत्रा नव्हता, मांजर नव्हतें, तरी ह्या आल्या कोठून?" त्या आल्या नाहींत; गेल्याच नव्हत्या. आपल्या पावलांच्या हादऱ्याची वाट पाहत कोशांत बसल्या होत्या. अशा घरांत पहिल्या दिवशीं मुलांना नेऊं नये. एका मोठ्या माणसानें पायांत बूट व वर घट्ट बांधलेला पायजमा घालून आंत जावें, दारें खिडक्या उघडाव्या, प्रत्येक खोलींत पाय आपटीत फिरावें, आणि केर काढून तो लागलीच साबणाच्या पाण्यांत टाकावा. आठवड्यापूर्वीं औषध दिलेला कुत्रा असेल तर त्यास बरोबर न्यावें. जागें झालेल्या पिसवा त्याच्या अंगावर जातील व तेथें मरतील. हेंच तीन चार दिवस सकाळ संध्याकाळ करावें, मधल्या एका दिवशीं जमीन सारवावी किंवा धुवावी, आणि पांढरे पायमोजे घालून फिरल्यावर मोज्यावर एकही काळा ठिपका चढला नाहीं, असें दोन दिवस लागोपाठ झालें म्हणजे मग मुलांचीं अंथरुणें आंत न्यावीं.